दुष्काळातली रुंद रेघ

बैतूल,
२१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप नाना,

इथूनच पाया पडतो. उद्या घरात घट बसतील, आईला म्हणावं उपास धर पण गोळ्या चुकवू नको. हर्षाली, तू वाचून दाखवशील तर सगळं वाच. मागच्यासारखं पदरचं घालू नको.

फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणता आणि फोन आईकडं देता, म्हणून लिहितोय. मी बरा आहे. काम तेच, झाडांवरून जुन्या पावसाचा अभ्यास करणाऱ्या सरांबरोबर जंगलात हिंडायचं आणि झाडांतून काड्या काढायच्या. जेवायला रोज पोळ्या. बाजरीच्या भाकरीची लई आठवण येते.

हर्षाली म्हणाली, दिवाळीनंतर बांधावरचा साग तोडायला तुम्ही गेणभाऊ सुताराला सांगितलंय. माझ्या घराच्या चौकटी करायच्या, म्हणजे मी परत येऊन राहीन. त्याचं खाली लिहितो.

आधी सागाचंच सांगतो. यात्रेला आलो तेव्हा मी त्याला भोक पाडलं, आणि तुम्ही शेजारी उभे राहून "चांगल्या झाडाला टोचतंय येडं" म्हणालात. त्यातून निघालेली पेन्सिलीएवढी काडी सरांनी घासून भिंगाखाली धरली. साग पावसाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात पानं टाकून गप्प बसतो. म्हणून वर्षाला एक रेघ. पाऊस चांगला तर रेघ रुंद, कमी तर केसासारखी. मधेच पाऊस दडी मारून परत आला तर झाड फसतं, एकाच साली दोन रेघा मारतं. हल्ली पाऊसच तसा झालाय, त्यामुळं फार जपून बघावं लागतं.

आंबेगावच्या रानातल्या सागांच्या काड्या आपल्या काडीशेजारी ठेवल्या. सगळी सालं जुळली, एक सोडून. मी घर सोडलं ते दुष्काळाचं साल. रानातल्या झाडांची रेघ दिसेना, आणि आपल्या सागाची चांगली रुंद.

सर म्हणाले, "भरत, हे झाड बाद. हे पावसाचं सांगत नाही. याला कुणीतरी पाणी घातलंय."

 त्या साली विहिरीचा तळ दिसत होता. आणि मी निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "जा. तुझ्यावाचून काय अडत न्हाई हितं."

संध्याकाळी आईला फोन लावला. ती हसायलाच लागली. "मला काय इचारतो? बैलाच्या आधी सागाला बादली जायची. मी बोलले तर म्हणायचे, पोराच्या घराचं लाकूड हाय ते, वाळून चालायचं न्हाई."

मग मी ती काडी घेऊन तंबूबाहेर जाऊन बसलो. सरांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? म्हटलं, ठीक आहे, एकदम ठीक.

आता गेणभाऊंचं. माझ्या घराच्या चौकटी करू नका. मी तिकडं राहायला येणार नाही, नाना. रागानं म्हणत नाही. असेल नसेल तो राग त्या काडीनं काढून घेतला. पण एका जागी राहिलो की माझे पाय वळवळतात, आणि हे तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं, म्हणून तर तेव्हा "जा" म्हणालात. हिवाळ्यात आम्ही आसामकडं जाणार आहोत. मला जायचंय.

साग तोडायचाच असला तर तुमच्या दाराला चौकट करा, तिथल्या चौकटीला वाळवी लागलीय. नाही तोडला तर उभा राहू द्या. माझ्या वाट्याचं मला मिळालं.

हर्षाली, इथं थांबू नको, पुढं वाच.

दिवाळीला येतोय. भाऊबीज करून निघेन. निघताना तेवढं ओतूरच्या एसटी स्टँडपर्यंत सोडायला या. घर सोडलं त्या दिवशी मी तिथं एकटाच उभा होतो.

येऊन जाणारा, तुमचाच,
भरत