गोळ्यांच्या पाकिटाचा मासा

दिल्ली छावणी
(तारीख शिवांजलीला विचारून घालते)

सौ. कुसुमावती विहीणबाईंना कांताबाईचा मान वाकवून नमस्कार, आणि व्याहीबुवांना पदर सावरून नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे, शेक घेता का, गाय व्याली का, व्याहीबुवा अजून रात्रीचं दही खातात का (खाऊ देऊ नका, खोकला उगाच येत नाही), हे आधीच विचारून टाकते, कारण एकदा माझं सुरू झालं की विचारायचं राहून जातं. इकडं आम्ही सगळे ठीक. ठीक म्हणजे कालच्याइतके. हे पत्र जयेशच्या हाती देते आहे. तो खालच्या क्वार्टरातला, रजेवर फलटणला चाललाय. फोन का नाही केला म्हणाल, तर दोन खोल्यांत एकानं फोन केला की सगळ्यांनी केल्यासारखा होतो. परवा तुम्ही मीनाक्षीला म्हणालात ना, "पोरीला घे आणि निघून ये, जावईबापू बरे होईपर्यंत इकडंच राहा," ते मी ओट्यापाशी ऐकलं आणि शहाजीनं कॉटवर ऐकलं. भिंतीपलीकडच्या तमिळ बाईनंही ऐकलं असेल, पण तिला समजलं नसावं. मीनाक्षी "बघू" म्हणाली, फोन ठेवला आणि कणीक मळायला लागली. इतकी मळली, इतकी मळली की त्या दिवशीच्या पोळ्या ओढून लांब होत होत्या. तर तुमच्या मनात आमच्या घराचं जे चित्र बसलंय ते जरा पुसावं आणि बरं काढावं, म्हणून चौथी पास बाईनं हातात पेन घेतलाय. शिवांजली शेजारीच बसली आहे. हवा बिघडली म्हणून शाळेला सुट्टी दिली आहे आणि खिडक्या उघडायच्या नाहीत असा हुकूम आहे. बाहेर धुकं दिसतं पण ते धुकं नव्हे, धूर. सूर्य दुपारी येतो तो आजारी माणसानं दारापर्यंत यावं तसा येतो आणि परत जाऊन पडतो.

तुमचे जावई कसे आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. पहाडात गाडी घसरली, गुडघा गेला, आणि शेजारी बसलेला त्याचा जोडीदार गेला. गुडघ्यात लोखंड घालून तो उभा केला लोकांनी, पण आतला माणूस काही उभा राहीना. दिवसभर कॉटवर भिंतीकडं तोंड करून. जेव म्हटलं की जेवतो, ऊठ म्हटलं की उठतो. सुभेदार माणूस, ज्याच्या एका हाकेला शंभर पोरं उभी राहायची, तो आता मी "शहाजी, कूस बदल" म्हटलं की कूस बदलतो. डॉक्टर चांगले आहेत हो. मनाच्या गोळ्या दिल्यात, त्या लागू पडायला वेळ लागतो म्हणाले, आणि हाताला काही काम द्या म्हणाले. आता ह्याला काय काम द्यायचं? मी वाटाणे सोलायला दिले. त्यानं सोलले, आणि दाणे सालींच्या ताटात, साली दाण्यांच्या ताटात.

मग मला आठवलं की हा लहानपणी नीरेच्या काठाला गळ टाकून बसायचा, हाक मारून मारून माझा घसा बसायचा. (तुम्ही माळकरी, तुमच्यापुढं माशाचं नाव काढू नये हे मला कळतं. पण पुढं ज्या माशाचं सांगणार आहे तो लाकडाचा आहे, तेव्हा शाकाहारीच समजा आणि वाचा.) युनिटच्या मागं एक तळं आहे, साहेबांना विचारून तिथं गळ टाकता येतो. मी म्हटलं गांडुळं काढू. तर शिवांजली ओरडली, "छी यार आजी, बिल्कुल नहीं!" आणि तिनं मोबाइलवर मला एक गोरा माणूस दाखवला. तो लाकडाचा खोटा मासा करतो, रंगवतो, गळ लावतो, पाण्यात ओढतो आणि खरा मासा त्याला भाऊबंद समजून तोंड उघडतो. त्या माणसाकडं यंत्रं किती! माझ्याकडं विळी. पण म्हटलं, लाकूड दोघांचं सारखंच.

लाकूड आपल्या सावरीचं. इथं त्याला सेमल म्हणतात. रस्त्याकडंची फांदी तोडून टाकली होती, ती पदराखाली घालून आणली. हलकं, भेंडीसारखं कापलं जातं. विळीवर बोटभर मासा कोरला, दाराच्या फरशीवर घासून गुळगुळीत केला, नाकात आणि पोटात तारेच्या कड्या बसवल्या, शिवांजलीच्या मोडक्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा तुकडा तोंडाखाली जिभेसारखा खोवला. त्या जिभेनंच तो पाण्यात खाली जातो आणि कंबर हलवत पोहतो म्हणे. डोळ्यांना मीनाक्षीच्या टिकल्या. न्हाणीघरात बादली भरली, सगळ्यांना बोलावलं, शहाजीलाही काठी देऊन उठवून आणलं, आणि मासा सोडला. तर तो गर्रकन उलटा झाला आणि पोट वर करून तरंगायला लागला. टिकलीचा एक डोळा सुटून बादलीत फिरत होता. शहाजीनं बघितलं आणि परत भिंतीकडं गेला. विहीणबाई, दुखणाईत माणसाला उभारी देण्यासाठी काय काय करावं मला माहीत नाही, पण त्याला मेलेला मासा दाखवू नये एवढं त्या दिवशी कळलं.

पोटात वजन पाहिजे होतं. तो तसाच ठेवून दुसरा कोरला, त्याच्या पोटात सायकलच्या चाकातले छर्रे भरले आणि नळाला लावायच्या लांबीच्या लगद्यानं बुजवले, तेव्हा हा सरळ राहिला. आता खवले. त्या गोऱ्याकडं चांदीचा कागद होता. त्याचे खवले कसे करायचे ते मात्र फार सोपं आहे, तुम्हीही करू शकाल (कराल असं नव्हे). मच्छरदाणीच्या तुकड्यावर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासायचा, की जाळीची नक्षी उठते, हुबेहूब खवले. घरात चांदीचा कागद कुठला? मला दिसली शहाजीच्या गोळ्यांची पाकिटं, फळीवर. म्हटलं रिकामी घेऊ.

तर रिकामं एकही नाही. सगळी भरलेली.

मीनाक्षी रोज विचारायची, "घेतली का हो?" आणि हा मान हलवायचा. मी काही आरडाओरडा केला नाही. मीनाक्षीलाही त्या वेळी बोलले नाही, ती रडली असती आणि हा आणखी भिंतीत गेला असता. मी पाकीट आणि कात्री घेऊन त्याच्या कॉटवर बसले. म्हटलं, "बाबा, मला कागद पाहिजे. आत गोळी असली की तो फुगतो आणि फाटतो. तू गोळी काढ. खा नाहीतर खिडकीतून टाक, पण मला कागद सबंध दे." खिडकी उघडायची नाही हे त्याला ठाऊक. मग गोळी तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, माशाची पाठ अजून उघडी आहे. तिसऱ्या दिवशी शिवांजली जाऊन उभी राहिली, "पापा, मछली की पूँछ बाकी है, गोली खाओ ना." शेपटीवाचून मासा कुणी ठेवतं का? त्यानं खाल्ली. असे त्या माशाला खवले चढत गेले आणि ह्याच्या पोटात औषध उतरत गेलं. माशाच्या पोटावर औषधाचं नाव आहे आणि एका कल्ल्याखाली तो कधीपर्यंत चांगला राहील ती तारीखही आहे. शिवांजली म्हणते, असा मासा त्या गोऱ्याकडंही नाही.

आता पाठ काळी पाहिजे. खऱ्या माशाची असते, वरून घारीला दिसू नये म्हणून. रंग कुठला आणायचा, बुटाचं पॉलिश होतं. मी बोटानं भाकरीला लोणी लावावं तसं थापलं, आणि पाण्यानं जाऊ नये म्हणून वरून मीनाक्षीचं बिनरंगाचं नेलपेंट. ते पॉलिशवर बसेचना, साय सुटावी तसं निघून आलं. मी पुसते, पुन्हा थापते, पुन्हा निघतं. आणि मागून आवाज आला, "आई, काय करतेयस?" बघते तर शहाजी उठून बसलेला. विहीणबाई, फौजी माणसाला बायको, आई, पोर रडताना बघवेल कदाचित, पण वाईट पॉलिश बघवत नाही. त्यानं मासा माझ्या हातातून काढून घेतला, सगळं पुसलं, आधी नेलपेंटचे हात दिले, एक वाळला की दुसरा, दोरीवर चिमट्यानं टांगून. आणि शेवटी पॉलिश. कापूस बोटाला गुंडाळून, पाण्याचा एक थेंब घेऊन, बारीक बारीक गोल. भरतीच्या पहिल्या वर्षी शिकवतात म्हणे, बुटात तोंड दिसेपर्यंत सोडत नाहीत. तो संध्याकाळपर्यंत गोल फिरवत होता. बोटभर मासा, पाठ कशी, काळ्या काचेसारखी. मी आत जाऊन देवाला साखर ठेवली.

मग रविवारी तळ्यावर गेलो. तंबूचा बांबू, त्याला दोरी, दोरीला मासा. तळ्याचं पाणी चहाच्या उरलेल्या पाण्यासारखं, काठाला जलपर्णी, माणूस दुसरा कुणी नाही. शहाजी काठीवर भार देऊन उभा राहिला आणि त्यानं मासा टाकला, ओढला, आणि तो पोहला हो! कंबर हलवत, चमकत, अगदी नव्या सुनेसारखा! शिवांजली उड्या मारायला लागली. पकडलं काही नाही. तळ्यात मासे आहेत की नाहीत हेच कुणाला नक्की माहीत नाही. पुढं तो जलपर्णीत अडकला. मला वाटलं आता हा बांबू टाकून देणार. पण नाही, हळूहळू, कधी डावीकडून कधी उजवीकडून, दोरी ढिली करत त्यानं तो सोडवला. मीनाक्षी बाकावर डबा घेऊन बसली होती, ती बसल्या बसल्या झोपली. शिवांजली उठवायला गेली तर शहाजी म्हणाला, "झोपू दे तिला." आणि अंगातला स्वेटर काढून तिच्यावर घातला. बघा! आपणहून बोलला, आपणहून स्वेटर काढला! मी तर ठरवलं, आता काळजीचं कारण उरलं नाही.

तेव्हा विहीणबाई, तुम्ही मीनाक्षीला बोलावू नका. बायको उठून माहेरी गेली की माणूस काय समजायचं ते समजतो. घर जागेवर आहे, मासा पोहतो आहे. बाकी सगळं सावकाश होईल. लहानांना आशीर्वाद, गाईच्या पाठीवरून माझा हात फिरवा.

तुमची,
कांताबाई

ता. क. जयेशच्या पिशवीत एक डबा आहे. त्यात पहिला, उलटा तरंगणारा मासा तुम्हाला बघायला पाठवलाय. गळ काढून घेतला आहे, तरी नातवंडांनी तोंडात घालू नये.

आणखी एक. वर मी काळजीचं कारण नाही असं लिहिलं. रविवारी नव्हतं. सोमवारी शहाजी पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडला, आज गुरुवार, तसाच आहे. गोळ्या मात्र चालू आहेत. मी आता तिसरा मासा कोरायला घेतलाय, मुद्दाम मोठा घेतलाय.

आणखी एक. शिवांजली न्हायला गेली आहे म्हणून हे लिहिते, तिच्यासमोर लिहिता येत नव्हतं. त्या दिवशी बाकावर मीनाक्षी झोपली ती डुलकी नव्हती. डब्याचं झाकण हातात तसंच, तोंड उघडं, निघताना हलवलं तरी जागी होईना, मला क्षणभर भलतंच वाटलं. आम्ही सगळे शहाजीकडं बघत होतो, तिच्याकडं बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. रात्रभर ती ह्याचा श्वास ऐकत पडते. चेहरा कसा झालाय, राखेनं घासल्यासारखा. परत येताना शहाजी मागं राहिला आणि मला म्हणाला, "आई, तिला माहेरी पाठव. मी असा असेपर्यंत ती झोपणार नाही." त्या दिवशीचं त्याचं सगळ्यात लांब बोलणं हे, आणि मी ते वर लिहिलं नाही.

मी जा म्हटलं तर तिला वाटेल सासू घालवते. तो म्हणाला तर वाटेल नवरा नको म्हणतो. म्हणून तुम्ही बोलवा. पण जावईबापूंचं नाव काढू नका. तुम्हालाच चक्कर येते, घरात हात नाहीत, असं काहीतरी सांगा. खोटं बोलण्याचं जे काय लागेल ते माझ्या नावावर लावा. पोरीलाही न्या. शहाजीजवळ मी आहे, तो माझा आहे, मी बसते. ती तुमची आहे, तुम्ही थोडे दिवस सांभाळा. आली की लगेच काही विचारू नका, शहाजी कसा आहे हेसुद्धा नको. आतल्या खोलीत अंथरूण घाला आणि दार ओढून घ्या.

गीझर बंद झाल्याचा आवाज आला. चिकटवते.