आधी कालव्यापलीकडे

आई, मी तुझ्याच स्वयंपाकघरात बसलेय, राजवाड्यामागच्या गल्लीत, आणि समोर कॉफी गार झालीय. तू असतीस तर आधी त्यावरूनच बोलली असतीस.

तू गावोगाव फिरणारी सरकारी नर्स. पोलिओ डोसाच्या दिवशी मला तिरुवैयारूला बरोबर न्यायचीस. एकदा मी शहाणपणा करून देवळाजवळच्या घरांपासून यादी सुरू केली, तर सगळ्यांदेखत झापलंस, "काय गे, ही घरं काय पळून चाललीत? आधी कालव्यापलीकडे. इथून धरलंस की तिथं पोचेपर्यंत औषध संपतं, नाहीतर आपला दम." मला इतका राग आला की परतीच्या बसमध्ये तुझ्यापासून लांब जाऊन बसले.

आता मी कॉलेजात शिकवते. त्याच भागात कुठल्या वस्तीतल्या बायकांना शुगर जास्त, आणि का, हे शोधायला सरकारनं तीन वर्षांचा निधी दिला. पहिल्या सहा महिन्यांत काम दिसलं पाहिजे, म्हणाले. मग तुझ्या लेकीनं काय केलं? देवळाजवळून सुरुवात केली! तिथं दारं पटापट उघडतात, बसायला खुर्ची मिळते, वर ताक. कालव्यापलीकडची एक बाई, शेतमजुरी करणारी, दर खेपेला विचारायची, "आमच्याकडे कधी, डॉक्टरम्मा?" मी म्हणायचे, पुढच्या महिन्यात. शेवटी एक मंगळवार ठरवला. रक्त तपासायला सकाळी उपाशीपोटी अंगणवाडीपाशी या, म्हणून सांगितलं. सोमवारी संध्याकाळी निधी थांबवल्याचं पत्र आलं. कारण एका ओळीचं, प्राधान्यं बदलली.

मंगळवारी मी ऑफिसात बसून दिल्लीला फोनावर फोन लावतेय, आणि तिकडे त्या बायका मजुरी बुडवून पायरीवर बसल्यात. पाणी चालतं हे मी सांगितलंच नव्हतं, म्हणून पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. दुपारी ती बाई चक्कर येऊन पडली.

अर्धवट अहवाल तसाच पाठवावा लागला. त्या वस्तीपुढे 'माहिती नाही' असं छापलं. वरच्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे तिथं त्रास नाही ना?" मी किती समजावलं, पण व्यर्थ. तपासणीची नवी सोय देवळाजवळ झाली. पुन्हा निधी मिळेल असं मला वाटत नाही, आणि मिळाला तरी कुठल्या तोंडानं जाऊ? परवा ती बाई बसस्टँडवर दिसली. मला बघितलंन् आणि मान वळवलीन्.

सगळ्यांना सांगितलंय की फोनांच्या गडबडीत मी त्यांना विसरले. विसरले नव्हते ग आई. सकाळी आठपासून आठवत होतं. टाऊन बसनं जाऊन नुसतं 'घरी जा, जेवा' एवढंच सांगायचं होतं. धीर झाला नाही.

घरात आपण मराठी बोलायचो, पण तू शाळा शिकलीस तमिळमधून; तुला ही देवनागरी अक्षरं वाचता येत नव्हती. म्हणूनच यात लिहिलं.