पिट्टूची शिक्षा

रहिमतपूर

अहो,

राजेश्वरी विश्रामबागेत कॉलेजला गेली, तेव्हा तिच्या हातात क्रेडिट कार्ड तुम्हीच ठेवलंत. "चुकू दे गं. चुकल्याबिगर पोरीला पैशाची जबाबदारी कळायची न्हाई," म्हणालात.

ती चुकली. कार्डावर मैत्रिणीला फोन घेऊन दिला आणि मैत्रिणीनं हप्ते बुडवले. सुट्टीवर आलात तेव्हा तुम्हाला ते कळलं. फौजेतली पिट्टूची शिक्षा तुम्ही लेकीला दिलीत. पाठीवर विटांची पिशवी बांधून तिला उसाच्या बांधावर पळवलंत. ती पडली, मनगट मोडलं, तरी पट्टा काढलात. मी मधे पडले तर बक्कल माझ्या भुवईत घुसलं.

"पप्पा, मी फेडते सगळं! आईला नका मारू!" ती रक्तानं माखलेल्या माझ्या अंगावर आडवी पडून ओरडत होती.

आता प्लॅस्टर निघालंय. बेकरीत काम करून ती हप्ते भरते.

दिवाळीची सुट्टी मंजूर झाली म्हणता, तर या. तिच्या अंगाला पुन्हा हात लागला, तर ऊसतोडीचा कोयता माझ्या हातात असेल. म्हणूनच हे पत्र पाठवत नाही. आधीच सावध झालेला फौजी मला एकटीला आवरता येणार नाही.

तुमचीच,
इंदुमती