भूल उतरताना

३ नोव्हेंबर

दादाच्या डोक्यात गाठ आहे. लिहून बघितलं. तरी खरं वाटत नाही.

वर्गात शिकवता शिकवता त्याला ‘टेबल’ हा शब्द सापडेना. हात टेबलावर, आणि शब्द गायब! मुलं हसली. तत्त्वज्ञानाचे सर टेबलाकडे टक लावून बघतायत, यात नवल ते काय? घरी त्यानं सांगितलं तेव्हा वहिनीला मात्र त्यात गंमत दिसली नाही. तिचा फोन आला आणि मी त्याला ओढतच आमच्या हॉस्पिटलात आणलं. एमआरआय झाला. कपाळामागे, डाव्या बाजूला, फिकट ढगासारखं काहीतरी.

दादा पडद्याकडे बघत म्हणाला, “सुंदर आहे गं. हा मी का?”

“हा तुझा मेंदू.”

“तेच विचारतोय.”

५ नोव्हेंबर

आमचं भांडण जुनंच. मी भूलतज्ज्ञ. माणसाला झोपवायचं, सर्जनचं काम होईपर्यंत सांभाळायचं, परत आणायचं. तो विचारतो, “परत कुठून?” मी म्हणते, कुठून नाही रे, औषध किती दिलं की शुद्ध हरपते ते मला ठाऊक आहे, कमी केलं की ती येते, संपलं! “हरपतं कोण पण?” — झालं सुरू. मला तो झोपमास्तरीण म्हणतो. म्हणे, तू लोकांना भूल देतेस, मी लोकांची भूल उतरवतो. एका आईच्या पोटची दोन दुकानं!

आजही तेच. गाठ डोक्यात घेऊन वाद घालत होता. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, “तुमचं विश्वाचं आटोपलं की सांगा. जेवण तिसऱ्यांदा गरम करतेय.”

ती हसली नाही. एरवी हसते.

८ नोव्हेंबर

सर्जन म्हणाले, गाठ फार हळू वाढणारी. दहा वर्षंही असेल तिथे, जास्तही असेल.

लिफ्टमध्ये दादा एकदम म्हणाला, “म्हणजे माझं निम्मं तत्त्वज्ञान हिनंच केलेलं असणार. पुस्तकावर हिचं नाव घालायला हवं होतं.”

मी खो खो हसले. वहिनीनं लिफ्टच्या दाराकडे तोंड केलं.

घरी आल्यापासून तेच डोक्यात. लहानपणी गच्चीवर आडवा पडून “आकाश संपतं तिथे भिंत आहे का?” विचारणारा तो — ते गाठीच्या आधीचं. पण नंतरचं सगळं? मी ज्याच्याशी इतकी वर्षं भांडतेय, तो नक्की कोण?

हा प्रश्न डॉक्टरीणबाईंना पडायला नको. पडला.

१४ नोव्हेंबर

उद्या ऑपरेशन. दिवसभर धुकं. संध्याकाळी आम्ही दोघं कालव्याच्या काठानं चालत गेलो. पलीकडचे दिवे पाण्यात सांडल्यासारखे, झाडं अर्धवट पुसलेली. सगळं कसं स्वप्नात पाहिल्यासारखं.

“मधे मला जागं करणार ना?” त्यानं विचारलं. करणार. बोलण्याचं केंद्र जवळ आहे, म्हणून तो बोलत असतानाच गाठ काढायची. “बरंय,” म्हणाला, “घरात कोणी शिरलं की मालकानं जागं असावं.”

मग जरा वेळानं — “तू कधी सांगितलं नाहीस. माणसाला झोपवताना तुला काय दिसतं?”

मी आकडे सांगणार होते. नाडी, श्वास. पण त्या धुक्यात आकडे तोंडात येईनात. म्हटलं, “एखाद्या घरात कोणीतरी एकेक दिवा मालवत आत आत जावं, तसं दिसतं. आणि शेवटच्या खोलीत मला कधीच जाता येत नाही.”

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला. “अगं,” म्हणाला, “मग तू इतकी वर्षं भांडत कशाला होतीस?”

१५ नोव्हेंबर

झालं.

भूल आमच्या विभागप्रमुख मॅडमनी दिली. सख्ख्या भावाला मी देऊ नये असा नियम आहे. मी फक्त त्याच्या तोंडापाशी, हिरव्या कापडाच्या तंबूत, स्टुलावर बसलेली. पलीकडे त्याचा मेंदू उघडा, अलीकडे त्याचा चेहरा. तो जागा झाला. पापण्या, मग ओठ, मग तो.

मी चित्रं दाखवत गेले. छत्री. घोडा. चमचा. किल्ली. तो नावं सांगत होता, पलीकडून सर्जन बारीकसा विजेचा स्पर्श करून कुठल्या जागेनं बोलणं अडतं ते तपासत होते.

पेटीचं चित्र आलं आणि तो थांबला. तोंड उघडं. डोळे माझ्यावर, अगदी स्वच्छ. स्पर्श सुटला.

“पेटी!” मग जवळजवळ ओरडलाच, “अगं, मी होतो! शब्द नव्हता, पण मी होतो! पेटी कळत होती. शब्दाच्या आधी मी असतो — लिहून ठेव!”

“हलू नका,” सर्जन पलीकडून.

“डॉक्टर, पुन्हा करा ना एकदा तसं!”

सगळं थिएटर हसलं. मॅडमसुद्धा. मी लहान मुलासारखी रडत होते. आयुष्यभर त्यानं पुस्तकांत जे शोधलं, ते त्याला माझ्या दुकानात सापडलं!

लिहून ठेवलंय, दादा.

१८ नोव्हेंबर

बोलतोय. सगळे शब्द आहेत. टेबल, टेबल, टेबल!

९ डिसेंबर

घरी आलाय. छान झोपतो, छान जेवतो. डोक्यावर कोवळे केस.

१६ डिसेंबर

आज त्याला थिएटरमधल्या गोष्टीची आठवण करून दिली. शब्दाच्या आधीचा मी.

“हो का? असं म्हणालो मी?” हसला. गोड हसला. “पेटीच होती ना ती?”

आणि खिडकीतून बघत बसला.

थकवा असणार. मेंदूला सूज असते काही आठवडे.

२ जानेवारी

सूज नाही. नवा एमआरआय स्वच्छ. सर्जननी गाठ तर काढलीच, कडेचा संशयित भागही काढला.

त्याला आवडायचे ते सगळे प्रश्न मी घेऊन जाते. जे छेडले की तो तासभर थांबायचा नाही, असे. आज विचारलं, “दादा, गाढ झोपेत तू कुठे असतोस?”

“अंथरुणात.”

थट्टा नव्हती. खरंच विचार करून उत्तर दिलं.

९ जानेवारी

कॉलेजनं विचारलं, केव्हा येताय. नको म्हणाला. शांतपणे.

मला राग येतो. कोणाचा ते कळत नाही. दुपारी मी त्याला फैलावर घेतलं. “तुला काहीच कसं वाटत नाही? एकही प्रश्न पडत नाही?” तो भाजी निवडत होता. ओशाळला बिचारा. म्हणाला, “तू विचार ना. मी ऐकतो.”

मग मीच बोलत सुटले. गाठीनं विचार केला की तू? तू बरा झालास की गेलास? तो मान डोलावत होता, मधूनच एखादी कुजकी शेंग बाजूला काढत होता.

१७ जानेवारी

वहिनीशी बोलले. म्हटलं, हा आपला नाही राहिला. ती म्हणाली, “वाईट वाटून घेऊ नकोस. पण लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हा माझं वाक्य संपेपर्यंत ऐकतो. काल मी ऑफिसातलं काहीतरी फुटकळ सांगत होते. मधेच ‘म्हणजे नक्की काय?’ विचारलं नाही. म्हणाला, ‘दमलीस का?’”

तिचे डोळे भरले होते. मला वाटलं दुःखानं. तसं नव्हतं.

घरी परतताना रस्ता चुकले. रोजचा रस्ता! दुकानांचे दिवे लागत होते, माणसं येत जात होती, आणि प्रत्येकाच्या आत एक शेवटची खोली, हे मला इतकं दिसत होतं की चालवेना.

२४ जानेवारी

भूल द्यायच्या आधी पेशंटनं हात धरला. “मी परत येईन ना?” रोज कोणीतरी विचारतं. रोज मी “हो” म्हणते. आज क्षणभर गप्प राहिले. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हटलं हो.

२८ जानेवारी

थिएटरबाहेर हात धुताना सर्जनना विचारलंच. कडेचा तो भाग काढायलाच हवा होता का?

ते म्हणाले, “ऑपरेशनआधीच मी तुमच्या दादांना स्पष्ट सांगितलं होतं. कड ठेवली तर माणूस राहील, पण गाठ लवकर परतेल. काढली तर वर्षं मिळतील, स्वभावाची खात्री नाही. म्हणाले, काढा. बायकोच्या वाट्याला आजवर माझे प्रश्नच आले, आता जो कोण उरेल तो येऊ दे.”

मग नळ बंद करत — “तुमच्यासाठीही निरोप आहे. म्हणाले, बहीण एक दिवस विचारायला येईल. तिला म्हणावं, मला जागं करत बसू नकोस.”