रापणीचा पॅराबोला

१२ जानेवारी
ठरलं. लवूची रापण मी वाचवणार. या आठवड्यात अख्ख्या वाडीने चार वेळा जाळं किनाऱ्यावर ओढलं, मिळाली डबाभर तारली मासळी. असंच चाललं तर गोव्याला ट्रॉलरवर जातो म्हणाला. अकरावीत माझ्याच हाताखाली गणितात, कॉनिक सेक्शन्समध्ये नापास. आता तांडेल आहे, रापणीचा म्होरक्या, तरी जाळं टाकतो अंदाजाने!

१३ जानेवारी
ग्राफपेपरवर मांडलं. समांतर किरण पॅराबोलावर आपटले की फोकसला जमतात. मासेही जमणार. सौ. म्हणाली, मासे म्हणजे किरण नव्हेत. बी.ए. झालेल्यांशी वाद घालू नये.

१५ जानेवारी, संध्याकाळ
लवूला अंगणात बसवून शिकवलं. जाळ्याचा व्हर्टेक्स, म्हणजे वळणाचं टोक, किनाऱ्यापासून बरोबर तीनशे मीटरवर, जोडमाडाच्या रेषेत. आकृतीकडे बराच वेळ बघत होता. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. म्हटलं, आधी पूर्ण ऐक. मग ‘बरा, सर’ एवढंच. चाळिशीत का होईना, सुधारला.

१८ जानेवारी
जाळं अडकलं. तीनशे मीटरवर पाण्याखाली खडप निघालं, धारदार खडकांचं. साठ माणसं दोरांना लोंबकळली तरी हलेना. लवूने बुड्या मारल्या, हात कापून घेतले. मधला भाग फाटून खडपावरच राहिला. मासा एक नाही.
चूक होडीवाल्यांची, वळण नीट घेतलं नाही. पॅराबोलात दोष नाही.

१९ जानेवारी
लवूकडे जाणार होतो. गुडघा दुखतोय.

२२ जानेवारी
लवूची आई हौसाबाई रोज आमच्या दारात मासळीची पाटी उतरवते. आज दुसऱ्याची मासळी घेऊन समोरून गेली, थांबली नाही. घाईत असेल.
एलिप्स जास्त योग्य ठरेल. दोन फोकस!

२७ जानेवारी
उरलेलं जाळं काल विकलं. लवू निघाला म्हणून कळलं, तसा एलिप्सची आकृती घेऊन स्टँडवर गेलो. हाताला पट्ट्या, पायाशी पिशवी. विचारलं, अरे, तिथे खडप आहे हे तुला ठाऊक नव्हतं?
म्हणाला, ‘ठावक होता, सर. ल्हानपणापासून ठावक आसा.’
मग बोलला का नाहीस?
‘तुमका उलट कसा सांगू?’
रागाने नाही म्हणाला. राग असता तर बरं झालं असतं. माझ्या वर्गात उलट बोलणाऱ्याच्या हातावर पट्टी बसायची, सत्तावीस वर्षं.
एसटी लागली. लवू वाकला आणि माझ्या पाया पडला. मी पाय मागे घ्यायला हवे होते. घेतले नाहीत.