मचानावरचं सॅटेलाइट

वरूड

चि. आचल हिले,
मामाचा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. तब्येतीले जप. मेसच्या पोळ्या कच्च्या असतीन तं भांडून शेकून घेत जा. इकडं तुही मामी मजेत, मी त्याहून मजेत. फळगळ मात्र यंदाही तशीच. झाडापेक्षा जमिनीवर संत्री जास्त. (त्याइचा उपयोग कसा झाला, तेच सांगून राहिलो. फोनवर मले हसूच आवरत नाही, म्हून पत्र.)

तू म्हनली होती, मामा, बाबाले पटवा, नाहीतं माही नोकरी गेली. तुहे बाबा, म्हंजे आमचे खुशालभाऊजी, अकोल्याहून आले तेच तणतणत. पोरीले इंजिनेर केलं अन् ते आभायातला कचरा पाहाले जाते म्हनते! काहून? खाली कमी हाय काय? मी तू शिकवलेलं सगळं सांगतलं. जुन्या रॉकेटचे तुकडे वर गरगर फिरतात, येखादा नटबोल्टही पावसाचा अंदाज देणारं सॅटेलाइट फोडू शकते, म्हून दुसरं सॅटेलाइट वर राखणीले ठेवतात. ते उन्हात चमकणारा तुकडा हेरते अन् कुठं चालला ते खाली कळवते. भाऊजी म्हने, "हट्!"

मंग माह्या डोक्यात किडा शिरला. भाऊजीले ज्वारीच्या मचानावर चढवलं. म्हनलं, तुमी सॅटेलाइट. आमी खालून गळलेली संत्री फेकतो, तुमी फक्त वरडा, कोणतं कुठं चाललं. (तुही मामी लहानपणी गोफण चालवत होती, हे मी इसरलो.) पयलंच संत्रं थेट भाऊजीच्या नाकावर! मले वाटलं, गेली पोरीची नोकरी. पण माणूस असा पेटला ना बाप्पा! "उगवतीकडून येक! इहिरीकडं चाललं! दुसरं त्याले भिडते, सरका!" शेजारचा नबीभाई कुंपणावरून फेकाले लागला, त्याचीही सगळी हेरली. जेवाले उतरेनात, भाकर वर पाठवली.

सांजच्याले उतरले ते डोये पुसतच. "देवमन, हे राखणीचं काम हाय. पोरगी राखण करते अन् मी बाप होऊन आडवा येऊ? जाऊ दे तिले." झालं! तू खुशाल रुजू हो.

तुहा पराक्रमी मामा,
देवमन

ता.क. अकोल्याहून फोन आला होता. तुही आई लोकरीचं जाड स्वेटर विणाले बसली. भाऊजी म्हनतात, वर लय थंडी असन.

आणखी ता.क. आचल, ते सॅटेलाइट जोड्याच्या खोक्याएवढं असते अन् त्यात कोणीच बसत नाही, हे सांगाचं राहूनच गेलं. निघतानी भाऊजीनं मले बाजूले नेलं अन् हळूच इचारलं, "तिले वरून आपलं घर दिसन ना?" मी हो म्हनलं. आता खरं काय ते तूच सांग, बाई. माह्यानं नाही होत.