छपरीतला लाल दिवा

दवनीवाडा,
३ फेब्रुवारी २००४

ती. रेवाराममामांस,
योगेश्वरीचा सा. न. वि. वि.

नेमणुकीचे पेढे तुम्ही मागितलेत, पण त्याआधी गाडीचं रडगाणं ऐकून घ्या. उपकेंद्रात नर्स म्हणून एक मार्चला हजर व्हायचं आहे. त्या दिवशी गेले नाही तर यादीतल्या पुढच्या मुलीला जागा देतील. उपकेंद्र चौदा किलोमीटरवर आणि त्या रस्त्याला बस नाही. तिलकभाऊची मोटारसायकल आहे, चालवायलाही त्यानंच शिकवलं. पण तो पलटणीत परतल्यापासून ती छपरीत उभीच आहे. जुन्या जातीची गाडी. बॅटरी उतरली की ठिणगीच पडत नाही, किक मारून पोटऱ्यांत गोळे येतात.

बाबांनी सांगून टाकलं, की गाडी रोज सकाळी भरवशानं सुरू होत असन त जाय, नाही त घरीच राह्य. धानाच्या बांध्यांच्या रस्त्यात बंद गाडी धरून उभी राह्यलेली पोरगी मले नाही पाहवत.

बॅटरी दिवाळीतच नवी घातली. भाऊनं चार्जरही पाठवला. हा लावूनच ठेवायचा असतो, बॅटरी भरली की आपणच थांबतो. आधी लाल दिवा, भरली की हिरवा, असं तो म्हणाला होता. सहा दिवस झाले, लालच आहे, आणि हॉर्न कालच्यापेक्षा आज बारीक वाजला. रात्री उठून उठून दिवा पाहते. तुमच्याकडचे बॅटरीवाले शालीकराम यांना विचारून लवकर लिहा. आईचा नमस्कार. माया आहे तशी ठेवा.

तुमची,
योगेश्वरी


केशोरी,
७ फेब्रुवारी २००४

चि. योगेश्वरीस अनेक आशीर्वाद.

सत्तावीस वर्षं लोकांच्या मुलांकडून संस्कृतची रूपं पाठ करून घेतली, त्याचं प्रायश्चित्त म्हणून आता बॅटरी शिकतो आहे. शालीकरामनं मला ॲसिडच्या उपड्या कॅनवर बसवलं आणि गुरुजी, लिहून घ्या म्हणाला. मधे शंका विचारलेली मला खपत नाही, तशी त्यालाही खपत नाही.

त्याचं म्हणणं असं. चार्जरच्या मागे बारीक खटका असतो, तो सहावर नसून बारावर आहे ना ते पाहा. लाल चिमटा अधिकच्या खुणेवर, काळा उण्यावर. तुझ्या आईनं लावले असतील तर पुन्हा पाहा. ती ते लुगडं वाळत घातल्यासारखे लावील. बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी जमली असेल तर गरम पाण्यानं धुऊन, कोरडी करून व्हॅसलीन लाव. आत पाणी कमी असेल तर दुकानातलं शुद्ध पाणीच घालायचं. तुझ्या वडिलांनी, हिरालालजींनी, विहिरीचं घातलं असेल तर मला कळवू नकोस, शालीकरामला वाईट वाटेल. मग चार्जर दुसऱ्याच्या चालू गाडीवर लावून पाहा आणि तुमची बॅटरी दुकानात भरवून आण. दोघांतला दोषी कोण ते कळेल. सोबतचं माहितीपत्रक असेल तर पाठव.

तुझ्या वडिलांना सांग, बंद वाहनाजवळ उभं राहण्याचा अनुभव त्यांना माझ्याहून अधिक आहे. आमच्या नंदाला पाहायला आले तेव्हा सायकल पंक्चर होऊन ते वेशीवर दोन तास उभे होते. तरीही आम्ही मुलगी दिली.

फोन कर म्हणशील, तर इथे दुकानात उभं राहून ओरडावं लागतं, आणि माझं ओरडणं वर्गातच संपतं. तेव्हा पत्रच पाठव, आणि राग आला तरी पाठव.

तुझा मामा,
रेवाराम


दवनीवाडा,
१५ फेब्रुवारी २००४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सगळं केलं. खटका बारावरच होता, चिमटे बरोबर होते, भुकटी होती ती धुतली. शेजारच्या रामलालकाकांच्या गाडीवर चार्जर लावला आणि बटन दाबून जवळ बसून राहिले, तर तासाभरात हिरवा! आमची बॅटरी गोंदियाच्या दुकानात एक रात्र ठेवली, तर दुकानदार म्हणाला, बॅटरी एकदम फस्टक्लास है, दीदी. घरी आणून चार्जरला जोडली आणि चार दिवसांत पुन्हा मेली. म्हणजे दोघंही निर्दोष, आमच्याच छपरीत आले की बिघडतात.

आई म्हणते नजर लागली. मला मात्र बाबांचा संशय येतो, मामा. रोज संध्याकाळी ते दिव्याकडे पाहतात आणि सरळ बैलांकडे जातात. परवा आईला म्हणत होते, की ईश्वरदासच्या बालवाडीत जागा निघून राह्यली म्हने, पायी जाता येते, कायले तो चौदा किलोमीटरचा घोर? दिवसभर मी उन्हाळी धानाच्या रोवणीत वाकलेली असते, आणि चिखलातही तो लाल दिवाच दिसतो. चौदा दिवस उरले.

माहितीपत्रक पाठवते आहे. इंग्रजी आहे आणि अक्षर मुंगीएवढं. तुमचा हात पाठीवर राहू द्या.

तुमची,
योगेश्वरी


केशोरी,
१९ फेब्रुवारी २००४

चि. योगेश्वरीस अनेक आशीर्वाद.

दोन संध्याकाळी तुझं पत्रक वाचलं. मूळ मी वाचायचं आणि भाष्य शालीकरामनं करायचं, अशी वाटणी होती. निष्कर्ष असा, की लाल दिव्याचा आपण सगळ्यांनीच गैरसमज करून घेतला. नुसता स्थिर लाल म्हणजे वीज आली आहे, एवढंच. बॅटरी भरू लागली की तो लुकलुकतो. वीज एकदा गेली की परत आल्यावर चार्जर आपलं काम विसरतो आणि कुणी बटन दाबेपर्यंत स्वस्थ बसतो. माझ्या वर्गात असे चाळीस आहेत. शिवाय वीज नसताना चिमटे लावलेलेच राहिले तर तो उलटा बॅटरीतूनच थोडं थोडं पितो.

तेव्हा प्रश्न एकच. तुमच्याकडे दिवसा वीज कधी आणि किती वेळ जाते? तेवढं शोध. वीज आली की बटन दाब.

तुझ्या संशयाबद्दल. एकदा कॉपी केली म्हणून मी एका मुलाला पेपरातून उठवलं होतं. उत्तरं शब्दशः जुळत होती. नंतर कळलं, मागचा फळा मीच पुसायचा विसरलो होतो. तो मुलगा अजून रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, आणि मला तो नमस्कार सोसत नाही. म्हणून, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बापाला काही बोलू नकोस.

या म्हाताऱ्यावर मर्जी असू दे.

तुझा मामा,
रेवाराम


दवनीवाडा,
२५ फेब्रुवारी २००४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशिरा पोचलं. म्हणजे आलं वेळेवर, पण मी अर्धंच वाचलं.

परवा दुपारी बायांसाठी पाण्याचा गुंड भरून न्यायला घरी आले, तर पोस्टमननं पत्र दिलं. विजेचा प्रश्न वाचला आणि छपरीत पाहिलं. चार्जरवर एकही दिवा नाही. शेजारी रेडिओ वाजत होता, आणि आमचा मेन स्विच खाली पाडलेला. मी तशीच शेतात गेले आणि रोवणीच्या वीस बायांसमोर बाबांना म्हणाले, की तुम्हीच मेन पाडून राहिले, मी जाऊ नये म्हणून. ते गुडघाभर चिखलात उभे होते. हातातली परह्याच्या रोपांची जुडी खाली ठेवली. आई म्हणाली, तोंड सांभाळ वं.

काल सकाळी सगळे निघाल्यावर बाबा अंगणात थांबले आणि मला म्हणाले, लाव कुलूप. मी कुलूप लावलं. मग म्हणाले, आता तुया हात कुठं गेला ते पाह्य. मामा, माझा हात मेन स्विचवर होता, आणि तो खाली पडलेला होता.

तुम्हाला आमच्याकडची रीत ठाऊक आहे. छपरीला लागून तणसीचा ढीग, एक ठिणगी पडली तर घर जाईल, म्हणून शेवटी निघेल त्यानं मेन पाडायचा. शेवटी निघणारी मी, लहानपणापासून. चार वाजता गाय दोहायला आई आधी येते आणि मेन वर करते. मी येते तेव्हा लाल दिवा असतोच! बॅटरी रोज मीच मारत होते. बाबांनाही चार्जरचं गणित माहीत नव्हतं; मेन कोण पाडतं तेवढं माहीत होतं.

माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, आता रोवणीले जाय, उशीर होऊन राह्यला. आणि स्वतः आले नाहीत. मेन वर केला, बटन दाबलं आणि तणसीजवळ खाट टाकून दोन बादल्या पाणी घेऊन बसले. आजही बसलेत. ऐन रोवणीत! गावातले हसून राहिले, हिरालाल बॅटरीची राखण करून राह्यला म्हणून. दिवा लुकलुकतो आहे, हिरवा अजून नाही.

उरलेलं अर्धं पत्र रात्री वाचलं. रागावू नका, लोभ कमी करू नका.

तुमची,
योगेश्वरी


केशोरी,
२८ फेब्रुवारी २००४

चि. योगेश्वरीस अनेक आशीर्वाद.

टोमणा मारायला बसलो होतो, जमला नाही. हिरालालजींना माझा नमस्कार सांग, या वेळी नुसताच. इथे शालीकराम रोज शाळेच्या फाटकाशी येऊन विचारतो, गुरुजी, हिरवा झाला का? काल वर्गात द्वितीयेच्या जागी चतुर्थी सांगितली, आणि एकाही मुलाच्या लक्षात आलं नाही, याचं वेगळं दुःख आहे. काय झालं ते ताबडतोब लिही. आमचा जीव तिकडे टांगलेला आहे, तो उतरवून घे.

तुझा मामा,
रेवाराम


उपकेंद्रातून,
१ मार्च २००४

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

शुक्रवारी संध्याकाळी हिरवा झाला. आज सकाळी पहिल्याच किकला गाडी सुरू झाली. आईनं ओवाळायला ताट आणलं, तर बाबा म्हणाले, बंद कर. मी बंद केली. म्हणाले, आता चालू कर. केली. पुन्हा बंद कर, पुन्हा चालू कर, असं पाच वेळा. ताटातला दिवा विझला, आई चिडली, की आता त सुरू झाली ना, काऊन पोरीले छळून राह्यले? तेव्हा बाबा म्हणाले, जातानी त कोनीबी ढकलून देईन, येतानी तिथं कोन हाय?

मग मागे झाले आणि जाय म्हणाले. वळणावरून पाहिलं तर खाटेवर बसले होते, शेताकडे गेले नव्हते.

हजेरीच्या वहीत सही केली. दोन गरोदर बायांची नोंद केली, एका पोराचा ताप पाहिला. आता साडेचार वाजले. सगळे गेले, व्हरांड्यात मी आणि समोर गाडी. अजून किक मारलेली नाही. पोस्टाची पेटी इथून पाच किलोमीटरवर, वाटेत आहे. पत्र पिशवीत ठेवते आणि उठते. ते तुमच्या हाती आलं, तर गाडी सुरू झाली असं समजावं.

तुमची,
योगेश्वरी